भुलेनंतरची उलटी

मुलाची शस्त्रक्रिया ठरली, की घरात चर्चा होते ती वेदनेची आणि खर्चाची. भूल उतरल्यावर येणारी उलटी मात्र ‘व्हायचीच’ म्हणून सोडून दिली जाते. बदलापूरच्या कात्रपहून परळच्या वाडिया बालरुग्णालयात जायचे, तर लोकलचा तासाहून अधिक प्रवास. त्याच दिवशी घरी सोडलेले मूल परतीच्या गाडीत ओकू लागले, तर आईबापांच्या तोंडचे पाणी पळेल! पण हा त्रास पुष्कळ अंशी टाळता येतो.

तो कोणाला होईल, याचा अंदाज २००४ साली जर्मनीतील डॉक्टरांनी चार प्रश्नांत बसवला. मूल तीन वर्षांचे वा त्याहून मोठे आहे काय? शस्त्रक्रिया अर्धा तास किंवा अधिक चालेल काय? ती तिरळेपणाची आहे काय? मुलाला, भावंडांना किंवा आईबापांना पूर्वी भुलेनंतर उलट्या झाल्या होत्या काय? चारही उत्तरे ‘नाही’ असल्यास शंभरांतील सुमारे ९ मुलांना उलटी होते. चारही ‘होय’ असल्यास ७० मुलांना.

यांतील शेवटचे उत्तर फक्त घरच्यांना ठाऊक असते. ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावे. गाडी लागत असल्यास तेही सांगावे. मग ते ऑन्डान्सेट्रॉन व डेक्सामेथासोन ही औषधे योजू शकतात. भुलेच्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल देता येते. तेवढा भाग बधिर केला, तर उलटी आणणारी अफूवर्गीय वेदनाशामके कमी लागतात.

उपासाचाही अतिरेक नको. सामान्यतः अन्न सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. रुग्णालयाने दिलेली वेळ मात्र काटेकोर पाळावी. चोरून दिलेले एक बिस्किटही लपवू नये. भुलेत पोटातले अन्न फुप्फुसात गेले, तर जिवावर बेतते.

शुद्धीवर आल्यावर ‘थोडे तरी पी’ असा आग्रह धरू नये. घरी सोडण्यापूर्वी सक्तीने पाजलेल्या मुलांना उलट्या अधिक होतात, असे आढळले आहे. मुलाने मागितले, की घोटघोट द्यावे. मात्र उलट्या थांबेनात, लघवी होईना, मूल सुस्त पडले किंवा उलटीत रक्त दिसले, तर रुग्णालय गाठावे. टॉन्सिल काढलेल्या मुलाबाबत रक्ताची शंकाही दवडू नये.