एका प्रत्ययातला कबुलीजबाब

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावात १८२५ साली जेम्स औट्रम नावाचा तरुण इंग्रज अधिकारी आला आणि त्याने भिल्लांची पलटण उभी केली. दहाएक वर्षं तो खानदेशात होता. पुढे कंपनी सरकारने सिंध आणि अवध ही राज्यं गिळली तेव्हा हाच औट्रम दोन्हीकडे हजर होता. आणि दोन्ही वेळा लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने राज्यकर्त्यांना चिमटा काढला, तो चक्क लॅटिन व्याकरणाने!

फेब्रुवारी १८४३ मध्ये मियाणीच्या लढाईत इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरने सिंधच्या अमिरांना हरवलं. सिंध घ्यायचा आपल्याला हक्क नाही, हे त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलं होतं. औट्रमलाही सिंध घेणं पटलं नव्हतं. लुटीतला आपला वाटा त्याने धर्मादाय कामांना देऊन टाकला. मे १८४४ मध्ये ‘पंच’ने छापलं, की नेपियरने विजयाचा खलिता एकाच शब्दात धाडला: ‘पेक्कावी’.

हा शब्द उकलून पाहा. ‘पेक्का’ म्हणजे पाप करणं. त्याला ‘व’ लागला की क्रिया पुरी झाली. शेवटची ‘ई’ सांगते, करणारा मीच. आपल्या ‘चुकलो’मध्ये ‘मी’ वेगळा लिहावा लागत नाही, तसंच. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘आय हॅव सिन्ड’, आणि कानावर पडतं ‘आय हॅव सिंध’! नेपियरने असा खलिता कधी धाडलाच नव्हता. ही करामत कॅथरीन विंकवर्थ या सोळा वर्षांच्या मुलीची.

१८५६ साली अवधची पाळी आली. लखनौला रेसिडेंट होता औट्रम. नवाब वाजिद अली शाहने तहावर सही करायचं नाकारलं, तरी गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलंच. आता ‘पंच’चा शब्द होता ‘वोवी’, म्हणजे ‘मी नवस बोललो’. इंग्रजीत ‘आय व्हाउड’. भराभर म्हटलं की ‘आय हॅव’चं आखूड रूप आणि इंग्रजांचं ‘आउड’, म्हणजे ‘मी अवध घेतलं’ असंच ऐकू येतं. पुढच्याच वर्षी उत्तरेत उठावाचा भडका उडाला आणि १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला भिल्लही इंग्रजांशी लढले.

‘राज्य खालसा झालं’ असं लिहिलं की घेणारा वाक्यातून पसार होतो. ‘पेक्कावी’त मात्र तो क्रियापदालाच चिकटलेला असतो, त्याला सुटका नाही. शाळेत घोकलेलं ‘कर्ता ओळखा’ राजकारण वाचायलाही केवढं कामी येतं!