आधीच्यांना ओलांडून पुढे

परवा शेजारची सून सोनोग्राफीचा कागद घेऊन आली. पाचवा महिना. करड्या ठिपक्यांत बाळाच्या डोक्याची गोलाई तेवढी ओळखू येत होती. ‘‘काकू, मेंदू झाला असेल ना आता तयार?’’ मी म्हटलं, ‘‘नाही गं, अजून राहायला येताहेत तिथे.’’

ती हसली, पण मी खरंच सांगत होते. माणसाच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या घड्यांच्या थरात, सुमारे 1,600 कोटी चेतापेशी असतात. त्यांतली जवळजवळ एकही तिथे जन्मलेली नसते. जन्म होतो खोल आत, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीकाठी, आणि तिथून प्रत्येकीला आपली जागा गाठावी लागते. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात ही वर्दळ ऐन भरात असते.

वाटेला रेडियल ग्लिया पेशींचे लांब धागे असतात, आतून थेट पृष्ठभागापर्यंत ताणलेले. या धाग्यांना बिलगून सरकणाऱ्या चेतापेशी पास्को राकिच यांनी 1972 मध्ये माकडाच्या गर्भात दाखवल्या. पेशी आधी एक बारीक हात पुढे लांबवते, धागा धरते, मग मागे राहिलेलं केंद्रक हिसक्यासरशी ओढून घेते. थांबते. पुन्हा हात.

आणि त्या बसतात कशा? मुंबईची वस्ती वाढली तशा: आधी दादर भरलं, मग ठाणं, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ; उशिरा आलेले ही सगळी स्टेशनं मागे टाकत आमच्या बदलापूरला उतरले. कॉर्टेक्सचे थर असेच भरतात. आधी जन्मलेल्या पेशी आत राहतात, नंतरच्या त्यांच्यामधून वाट काढत बाहेरच्या अंगाला जातात. हा क्रम लागायला रीलिन नावाचं प्रथिन लागतं. ते नसलेल्या उंदरात थर उलटेपालटे होतात आणि उंदीर झोकांड्या खात चालतो. असा उंदीर 1951 पासून माहीत होता. त्यामागचं जनुक सापडायला 1995 उजाडलं. माणसात लिस-1 या जनुकात बिघाड झाला, तर पेशी वाटेतच अडकतात. मेंदूला घड्या पडत नाहीत, बाळाला फिट्स येतात, वाढ अडते. इतकं सारं त्या चालण्यावर अवलंबून असतं.

सीएसएमटीला उतरून कुलाब्याला गेलं, की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. तिथे शुभा टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींची एक नवी वाट शोधली. उंदरिणीच्या पोटातल्या गर्भाच्या मेंदूत चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक सोडायचं, विजेचा हलका झटका देऊन ते पेशींत शिरवायचं आणि काही दिवसांनी पाहायचं, चमक कुठवर पोहोचली. मेंदूच्या मागच्या टोकाशी निघालेला एक प्रवाह अमिग्डालात, भीती-भावनांच्या केंद्रात, जाताना दिसला. निघाला होता तो कॉर्टेक्स घडवणाऱ्या पट्ट्याला लागून असलेल्या भागातून, आणि त्यालाही रीलिन लागत होतं. हे 2007 साली प्रसिद्ध झालं.

पुढचं काम मला त्याहून आवडतं. उंदराच्या मेंदूत इतर उंदरांचे गंधसंकेत टिपणारा एक छोटा कंद असतो. त्याच्या मागच्या अर्ध्या भागातल्या पेशी मुळी तिथल्या नाहीतच. त्या लांबून, मेंदूच्या दुसऱ्याच विभागाच्या सीमेवरून येतात, असं याच गटाने दाखवलं. मग त्यांनी बेडकाचा मेंदू तपासला. उंदीर आणि बेडूक यांच्या वाटा वेगळ्या होऊन 35 कोटी वर्षं झाली असावीत. तरी पेशींची ती वाट बेडकातही तिथेच होती.