भात्याचा कॅमेरा नेमका कुणाचा?

छत्रपती संभाजीनगर हे छायाचित्रणाच्या इतिहासातलं मोठं नाव! मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठा-वेरूळला टिपलेली छायाचित्रं १८६४ साली पुस्तकरूपात आली. त्यामुळे इथे जुन्या सामानात लाकडी भात्याचा कॅमेरा मिळाला, की घेणारा हरखतोच.

पण विकणारा सहसा लेन्सवरचं नाव कॅमेऱ्याला चिकटवतो. लेन्स सहज बदलता येते. त्यामुळे ‘त्साईस’ कोरलेलं असलं तरी पेटी दुसऱ्याच कंपनीची असू शकते. लेन्सवरून काळाचा अंदाज मात्र बांधता येतो. लेन्सवर ‘टेसार’ हे नाव असेल, तर ती १९०२ च्या आधीची नाही.

कॅमेरा ओळखायचा, तर आधी ज्यावर चित्र उमटतं त्या प्लेटचं माप घ्यावं. ४¾ × ६½ इंच म्हणजे हाफ प्लेट, ६½ × ८½ म्हणजे फुल प्लेट. लेन्सजवळ चौकोनी लाकडी पेटी, आत कापडी पडदा आणि बाहेर लोंबणारी दोरी दिसली, तर ते बहुधा इंग्लंडच्या थॉर्न्टन-पिकार्डचं शटर. तेही इतरांच्या कॅमेऱ्यांवर सर्रास बसवलेलं असे!

आणि कॅमेरा विलायतीच असेल असंही नाही. केरळात आलप्पुळा इथे के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात ‘वागीश्वरी’ हा देशी कॅमेरा घडवला. देशभरातल्या स्टुडिओंत तो पोहोचला होता.

कॅमेरा कुणाचाही असो, घेण्याआधी भाता तपासायचा तो अंधाऱ्या खोलीत, आत टॉर्च लावून. छिद्रं बहुतेक घड्यांच्या कोपऱ्यांतच सापडतात.