आज्ञावलीची देखभालसुलभता : दोषांचा शोध व दुरुस्ती
(उल्हासनगरातील तयार कपड्यांच्या बिलिंग प्रणालीच्या संदर्भात)

प्रस्तावना

शिवणयंत्राची सुई बोथट होते, पट्टा सैल पडतो. संगणकाची आज्ञावली मात्र झिजत नाही. वीस वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ आजही अक्षरशः तशीच असते. तरीही जुन्या आज्ञावल्या निकामी होतात, कारण त्यांच्या भोवतालचे व्यवहार बदलत राहतात. मीर लेहमन यांनी १९७४ साली ही गोष्ट नियमाच्या रूपात मांडली. वापरात असलेली प्रणाली सतत बदलावी लागते, आणि जाणीवपूर्वक आवर न घातल्यास प्रत्येक बदलागणिक तिची गुंतागुंत वाढत जाते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. आज्ञावली समजून घेणे, तीत बदल करणे आणि तो बदल तपासणे किती सोपे आहे, यावरून तिची देखभालसुलभता ठरते. आज बरोबर चालणारी आज्ञावली या कसोटीवर पूर्णपणे नापास होऊ शकते. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार एका परिचित उदाहरणाच्या आधारे केला आहे.

कराच्या दराचे उदाहरण

उल्हासनगर कॅम्प ४ व ५ च्या परिसरात जीन्स शिवण्याचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर चालतो. अशा एखाद्या घाऊक विक्रेत्याने स्थानिक संगणकतज्ज्ञाकडून बिलाची आज्ञावली करून घेतली आहे, अशी कल्पना करावी. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यात तयार कपड्यांवर प्रतिनग १००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के असा दर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २५०० रुपये झाली आणि तिच्यावरील दर १८ टक्के झाला. म्हणजे वीस वर्षांत अशा आज्ञावलीला किमान तीन वेळा हात लावणे भाग होते. ई. बी. स्वॉन्सन यांनी १९७६ साली देखभालीचे जे तीन वर्ग केले, त्यांपैकी परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी करावयाची देखभाल ती हीच.

वरवर पाहता काम सोपे आहे : १००० च्या जागी २५०० आणि १२ च्या जागी १८ लिहावे. अडचण अशी, की ‘१२’ हा आकडा कपड्याच्या व्यापारात डझनाचाही असतो. तोच आकडा वर्षाच्या महिन्यांसाठीही आलेला असतो. सरसकट बदल केल्यास डझनात अठरा नग मोजले जातील. उलट, राज्यांतर्गत विक्रीत कर केंद्र व राज्य असा निम्मानिम्मा विभागला जात असल्याने आज्ञावलीत काही ठिकाणी १२ मुळी नसतोच. तेथे ६ असतो. ‘१२’ शोधणाऱ्याला ती ओळ सापडत नाही. परराज्यातील बिले नव्या दराने आणि स्थानिक बिले जुन्या दराने, असा विचित्र प्रकार त्यातून घडू शकतो. १००० चीही हीच गत. तो करमर्यादेचा असेल, सवलतीच्या अटीचा असेल किंवा किलो-ग्रॅमच्या रूपांतराचाही असेल. अर्थ न सांगता आज्ञावलीत विखुरलेल्या अशा आकड्यांना प्रोग्रामर मंडळी ‘जादूचे आकडे’ म्हणतात. जादू अर्थातच लिहिणाऱ्यापुरती असते. वाचणाऱ्याला तिचा केवळ त्रास होतो.

(नाव अर्थाच्या मागे राहते, याचा अनुभव उल्हासनगरला नवा नाही. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर निर्वासितांची वस्ती झाली, १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी ‘कॅम्प’ व त्यांचे क्रमांक टिकून राहिले. रहिवाशांचा त्याने गोंधळ होत नाही. आज्ञावलीतील ‘व्हॅटदर’ या नावाच्या चलात २०१७ नंतर जीएसटीचा दर भरला गेला, तर नव्या माणसाचा मात्र निश्चित होतो.)

पुनरावृत्तीचा दोष

याहून गंभीर दोष पुनरावृत्तीचा. विक्रीचे बिल, माल परत आल्यावरची क्रेडिट नोट, दरपत्रक आणि मासिक गोषवारा या चारही ठिकाणी कर काढण्याच्या ओळी प्रती करून चिकटवलेल्या असतात. कालांतराने या प्रतींत फरक पडतो. एके ठिकाणी मर्यादेची तुलना सूट वजा केलेल्या किमतीशी होते, दुसरीकडे छापील दराशी. २६०० रुपयांच्या नगावर १० टक्के सूट दिली, तर विक्रीमूल्य २३४० रुपये होते. त्यावर ५ टक्क्यांनी कर ११७ रुपये होतो, १८ टक्क्यांनी ४२१.२० रुपये. एका डझनामागे हा फरक ३६५०.४० रुपयांचा आहे. बिल एक आकडा दाखवते, गोषवारा दुसरा. आणि विवरणपत्र भरताना जाब विचारला जातो तो व्यापाऱ्याला. आज्ञावली लिहिणारा तोवर दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो.

शोधाच्या पद्धती

पहिले साधन वाचन हेच होय, आणि ते सर्वांत दुर्लक्षित आहे. दोघांनी मिळून केलेल्या वाचनात वरीलपैकी बहुतेक दोष सापडतात. सारख्या ओळी हुडकणारी साधने पुनरावृत्ती दाखवतात. टॉमस मॅकेब यांनी १९७६ साली सुचविलेले मापन निर्णयांची संख्या मोजते : निर्णय अधिक एक. घाऊक की किरकोळ, राज्यात की बाहेर, मर्यादेच्या आत की वर, सूट आहे की नाही, विक्री की परतावा, हे पाच निर्णय एकाच फंक्शनमध्ये एकापाठोपाठ आले, तर हा अंक ६ येतो. मॅकेब यांनी १० ही व्यावहारिक मर्यादा मानली होती, म्हणून ६ निर्धोक वाटतो. मात्र या पाच निर्णयांतून ३२ वाटा निघतात. हे मापन लक्ष कोठे द्यावे ते सुचविते. निकाल देत नाही. ज्या फाइलमध्ये वारंवार बदल करावे लागले, त्या फाइलचा इतिहास पुष्कळदा अधिक बोलका असतो.

दुरुस्तीचा क्रम

बाह्य वर्तन न बदलता अंतर्गत रचना सुधारण्याच्या प्रक्रियेस रिफॅक्टरिंग म्हणतात. विल्यम ऑपडाइक यांच्या १९९२ च्या प्रबंधात तिची शास्त्रीय मांडणी आहे आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ग्रंथाने ती सर्वत्र पोहोचविली. येथे क्रमाला महत्त्व आहे. प्रथम सर्व प्रकारांची जुनी बिले निवडून त्यांची उत्तरे नोंदवावीत. सूट, परतावा, परराज्य आणि अगदी मर्यादेवरचा नग त्यांत असलाच पाहिजे. मग कराचे गणित एकाच फंक्शनमध्ये आणावे व दर प्रत्येक पायरीनंतर जुन्या बिलांशी ताडून पाहावा. चार प्रतींपैकी एखादी वेगळे उत्तर देत असेल, तर ती चूक येथेच उघड होते. कोणते उत्तर खरे, हे व्यापाऱ्याला किंवा त्याच्या कर सल्लागाराला विचारून ठरवावे, प्रोग्रामरने स्वतःच्या मनाने नव्हे. हे सर्व झाल्यावरच नवा दर घालावा. रचना आणि दर एकदम बदलल्यास बिल चुकण्याचे कारण शोधता येत नाही.

दर आज्ञावलीत न लिहिता तक्त्यात ठेवावा, एवढे बहुतेक जण जाणतात. त्या तक्त्यात ‘केव्हापासून’ हा रकाना हवा, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी विकलेला माल नंतर परत आला, तर मूळ बिलाचाच दर धरावा लागतो. केवळ आजचा दर जपणारा तक्ता तेथे चुकतो.

तात्पुरत्या दुरुस्तीची किंमत

सन २००० च्या समस्येने या विषयाचे महत्त्व भारतीय उद्योगाला पटवून दिले. वर्ष दोनच अंकांत साठविलेल्या जुन्या कोबोल आज्ञावल्या तपासण्याचे काम भारतीय कंपन्यांकडे मोठ्या प्रमाणावर आले. वर्ष चार अंकी करणे हा पक्का उपाय होता. परंतु अनेक प्रणालींत स्वस्त उपाय निवडला गेला. त्यात ठराविक अंकाखालील वर्षे २००० नंतरची व वरची १९०० नंतरची मानली जात. जेथे ही सीमा २० वर ठेवली होती, तेथील काही प्रणाली जानेवारी २०२० मध्ये पुन्हा चुकल्या.

अध्यापनातील स्थान

महाविद्यालयांतील प्रकल्प-परीक्षेत आज्ञावली चालते किंवा नाही, एवढेच मुख्यतः पाहिले जाते. परीक्षा झाली की प्रकल्प कपाटात जातो. त्यामुळे दुसऱ्याने लिहिलेले वाचण्याची वेळ विद्यार्थ्यावर येत नाही. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून तेच करावे लागते. मागील वर्षाचा प्रकल्प पुढील तुकडीच्या हाती देऊन, मूळ विद्यार्थ्यांना न विचारता त्यात एक छोटा बदल करण्यास सांगणे हा बिनखर्ची प्रयोग आहे. बदलास लागलेला वेळ व त्यासाठी उघडाव्या लागलेल्या फाइलींची संख्या नोंदवली, तर मूळ प्रकल्पाच्या गुणांकनासाठीही तिचा उपयोग होऊ शकतो.