संस्थापकाविना एक हंगाम

एखाद्या नाटक मंडळीचे नाव, तिचे पडदे, कपडेपट आणि प्रयोगांच्या ठरलेल्या तारखा हाती आल्या की मंडळीच हाती आली, असा समज करून घेणारे व्यवस्थापक सर्व देशांत आणि सर्व काळांत आढळतात. ज्या माणसांच्या एकत्र येण्याने मंडळी उभी राहिली, ती माणसे निघून गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न त्यांना पडत नाही; आणि पडला तरी फार उशिरा पडतो. अमेरिकेतील 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या दूरचित्रवाणीवरील प्रहसनांच्या कार्यक्रमाने सप्टेंबर २०२४ मध्ये पन्नासाव्या हंगामात पदार्पण केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला सुवर्णमहोत्सव थाटाने साजरा केला. अशा प्रसंगी यशाच्या कथा सांगितल्या जातात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या कार्यक्रमाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद हंगाम कोणता, असे विचारल्यास १९८०-८१ च्या सहाव्या हंगामाकडेच बोट दाखवावे लागेल. आणि तो हंगाम यशाचा नव्हे, नामुष्कीचा आहे.

या कार्यक्रमाचा जन्म एका रिकाम्या जागेतून झाला. शनिवारी रात्री उशिरा 'एनबीसी' ही वाहिनी जॉनी कार्सन यांच्या कार्यक्रमाचे जुने भाग पुन्हा दाखवीत असे. ते भाग आपल्या रजेच्या दिवसांसाठी राखून ठेवावेत, असे कार्सन यांनी म्हटल्यावर ती वेळ भरून काढणे वाहिनीला भाग पडले. डिक एबरसोल हा तरुण अधिकारी आणि लॉर्न मायकल्स हा तीस वर्षांचा कॅनेडियन लेखक-निर्माता यांच्याकडे हे काम आले. ११ ऑक्टोबर १९७५ रोजी न्यूयॉर्कमधील रॉकफेलर सेंटरच्या '८-एच' या चित्रगृहातून पहिला प्रयोग प्रक्षेपित झाला. चेवी चेस, जॉन बेलूशी, डॅन ऍक्रॉइड, गिल्डा रॅडनर, जेन कर्टिन, गॅरेट मॉरिस आणि लरेन न्यूमन ही तेव्हा फारशी कोणाला ठाऊक नसलेली मंडळी दोन-तीन वर्षांतच अमेरिकेतील तरुण पिढीच्या गळ्यातील ताईत बनली. व्हिएतनाम आणि वॉटरगेट यांनी अधिकाऱ्यांच्या शब्दावरचा विश्वास उडालेल्या पिढीला राष्ट्राध्यक्षाची टर उडविणारा विनोद घरबसल्या मिळू लागला होता.

हा विनोद सिद्ध कसा होतो, हे पाहिल्याशिवाय पुढील कथेचे मर्म ध्यानात येणार नाही. दर आठवड्याला एक नवा पाहुणा सूत्रधार म्हणून येतो. सोमवारी कल्पना मांडल्या जातात. मंगळवारची रात्र लेखक जागून काढतात. बुधवारी सर्व संहितांचे सामुदायिक वाचन होते आणि त्यांतील बऱ्याचशा तेथेच गळतात. पुढील दोन दिवसांत नेपथ्य उभे राहते. शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, तीत न रंगलेली प्रहसने काढून टाकली जातात, आणि रात्री साडेअकराला दीड तासाचा प्रयोग थेट प्रक्षेपित होतो. चूक झाली तर ती देशभर दिसते. अशा कामाला लागणारे परस्परांवरील भरवशाचे नाते करारपत्रावर सही करून मिळत नाही. ते अनेक रात्रींच्या जागरणातून तयार होते.

पाच वर्षांत ही मंडळी थकली. चेस १९७६ मध्येच निघून गेला होता, बेलूशी आणि ऍक्रॉइड १९७९ मध्ये चित्रपटांकडे वळले होते. १९८० च्या वसंतात मायकल्स यांना विश्रांती हवी होती. त्याच सुमारास एक प्रसंग घडला. मे महिन्यातील एका भागात अल फ्रँकन या लेखकाने वाहिनीचे अध्यक्ष फ्रेड सिल्वरमन यांच्यावर थेट प्रयोगातच तोंडसुख घेतले. वाहिनीची लोकप्रियता घसरत असता अध्यक्षांना मात्र आलिशान मोटार मिळते आणि आपल्याला मिळत नाही, असा त्याच्या तक्रारीचा रोख होता. मायकल्स यांच्यामागे कार्यक्रमाची धुरा फ्रँकनकडे जाण्याची जी शक्यता होती, ती या विनोदाने संपुष्टात आणली. मायकल्स गेले, त्यांच्यामागोमाग सर्व नट आणि जवळजवळ सर्व लेखकही गेले. वाहिनीकडे नाव राहिले, वेळ राहिली आणि चित्रगृह राहिले.

या उरलेल्या सांगाड्याची सूत्रे श्रीमती जीन डूमानियन यांच्याकडे देण्यात आली. पाहुणे कलावंत ठरविण्याचे काम त्या या कार्यक्रमात काही वर्षे करीत होत्या. प्रहसनांचे लेखन वा दिग्दर्शन हा त्यांचा प्रांत नव्हता. नवे नट निवडणे, नवे लेखक जमविणे आणि त्यांना एका सुरात आणणे, हे सारे त्यांना पाच-सहा महिन्यांत करावयाचे होते. १५ नोव्हेंबर १९८० रोजी, रोनाल्ड रेगन यांच्या निवडीनंतर दोन आठवड्यांच्या आत, नव्या संचाचा पहिला प्रयोग झाला. त्यात चार्ल्स रॉकेट, जो पिस्कोपो, गिल्बर्ट गॉटफ्रीड, डेनी डिलन, गेल मॅथियस आणि ॲन रिझली हे सहा प्रमुख कलावंत होते. देशात राजकीय सत्तांतर होत असताना विडंबनकाराला याहून सुपीक काळ क्वचितच लाभतो. परंतु पडदा उघडताच या कलावंतांनी आपण जुन्या मंडळींपैकी कोणासारखे आहोत, हे सांगून स्वतःची ओळख करून दिली. तो विनोद म्हणून लिहिला गेला होता. प्रत्यक्षात तो कबुलीजबाब ठरला. तुलना टाळावयाची ज्यांना गरज होती, त्यांनीच तुलनेला आमंत्रण दिले. समीक्षक तुटून पडले आणि पुढील आठवड्यांत प्रेक्षकही पांगू लागले.

याच हंगामात एक एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मागच्या रांगेत उभा होता. एडी मर्फी याला प्रमुख संचात स्थान नव्हते. डिसेंबरमध्ये बातम्यांच्या विडंबनात त्याला काही मिनिटे मिळाली. शाळेच्या बास्केटबॉल संघात गोऱ्या खेळाडूंसाठी जागा राखण्याच्या कल्पनेवर त्याने केलेले भाष्य प्रेक्षकांनी उचलून धरले. जानेवारी १९८१ मध्ये एक प्रयोग ठरलेल्या वेळेपेक्षा काही मिनिटे आधीच संपत आला. आता रिकाम्या वेळेत काय दाखवावे, अशी धावपळ उडाली असता मर्फीला एकट्याला उभे करण्यात आले. कोणत्याही नेपथ्याशिवाय त्याने ती मिनिटे सहज पेलली. त्याला कोणी शोधले, कोणी आग्रह धरला आणि कोणी विरोध केला, याविषयी पुढे संबंधितांत वाद झाले. यशाला अनेक वडील असतात, त्याचाच हा प्रकार होय. एवढे मात्र निर्विवाद की, जो हंगाम निखळ अपयश म्हणून ओळखला जातो, त्याच हंगामाने पुढील दशकातील सर्वांत मोठा विनोदी नट अमेरिकेला दिला.

परंतु हे उमगण्याआधीच शेवट जवळ आला होता. त्या वर्षी 'डॅलस' या मालिकेतील जे. आर. या पात्रावर गोळी कोणी झाडली, या प्रश्नाने सारा देश वेडावला होता. २१ फेब्रुवारी १९८१ च्या भागात त्याचे विडंबन म्हणून रॉकेटवर गोळी झाडली गेल्याचे दाखविण्यात आले. प्रयोगाच्या अखेरीस चाकांच्या खुर्चीत बसलेल्या रॉकेटला, कसे वाटते, असे विचारण्यात आले. उत्तरात त्याने थेट प्रक्षेपणावर न उच्चारण्याजोगी शिवी उच्चारली. आधीच अस्वस्थ असलेल्या वाहिनीला निमित्त मिळाले. ७ मार्च रोजी जुन्या मंडळींपैकी बिल मरे पाहुणा म्हणून मदतीला धावून आला. पण तो डूमानियनबाईंचा बारावा आणि अखेरचा प्रयोग ठरला. त्यांना दूर करून डिक एबरसोल यांना पाचारण करण्यात आले. रॉकेट, गॉटफ्रीड आणि रिझली यांनाही घरी पाठविण्यात आले. एबरसोल यांचा पहिला प्रयोग ११ एप्रिलला झाला आणि त्याच सुमारास लेखकांचा संप सुरू झाल्याने हंगाम तेराव्या भागावरच आटोपला. पुढील हंगामात जुन्या संचातील फक्त मर्फी आणि पिस्कोपो उरले.

या साऱ्याचा दोष गेली चार दशके एकट्या डूमानियनबाईंच्या माथी मारला जातो. त्यांच्या हातून चुका झाल्या नाहीत, असे कोणीही म्हणणार नाही. जुन्या संचाच्या साच्यात नव्यांना ओतण्याचा प्रयत्न ही चूक होतीच; हाताशी असलेले रत्न वेळीच न ओळखणे ही त्याहून मोठी चूक. परंतु ज्या व्यक्तीने कधी विनोदी लेखकांचा चमू सांभाळला नव्हता, तिच्यावर एका रात्रीत ही जबाबदारी टाकणारे कोण होते? संस्थापक थांबा म्हणत असता, वेळापत्रक मोडू नये म्हणून तोच फलक टांगून दुकान उघडणारे कोण होते? टीकेने दुखावून अनुभवी लेखकाचा रस्ता बंद करणारे कोण होते? या प्रश्नांची उत्तरे '८-एच' मध्ये सापडत नाहीत. ती वरच्या मजल्यावरील कार्यालयांत शोधावी लागतात. सिल्वरमन यांनाही १९८१ च्या उन्हाळ्यात पद सोडावे लागले, पण त्याची कारणे निराळी होती. या हंगामाचा हिशेब त्यांच्या नावावर मांडला गेला नाही.

येथे आणखी एक तुलना केली पाहिजे. ऑक्टोबर १९७५ मधील पहिल्या दोन प्रयोगांत पुढे कीर्तिमान झालेल्या नटांना फारसे काम नव्हतेच. पहिल्यात जॉर्ज कार्लिन यांची स्वगते आणि संगीत यांनी बराच वेळ व्यापला होता, तर दुसरा जवळजवळ पॉल सायमन यांची मैफलच होती. कार्यक्रमाला स्वतःचे रूप सापडण्यास वेळ लागला आणि तो देण्यात आला. यापेक्षाही बोलका दाखला १९८५-८६ चा आहे. त्या वर्षी स्वतः मायकल्स परतले. रॉबर्ट डाउनी ज्युनियर, जोन क्यूसॅक, रँडी क्वेड अशा नामवंत वा होतकरू कलावंतांना त्यांनी एकत्र आणले, आणि तो हंगामही कोसळला. कार्यक्रम बंद करण्याचाच विचार वाहिनीने केला होता. तरीही संस्थापकाला आणखी एक संधी मिळाली. त्याने बहुतेक संच बदलला, १९८६ मध्ये डेना कार्व्ही, फिल हार्टमन आणि जॅन हुक्स यांना आणले आणि गाडी पुन्हा रुळावर आली. मायकल्स यांची गुणवत्ता कोणी नाकारीत नाही. परंतु गुणवत्तेइतकाच त्यांना उपयोगी पडला तो दुसऱ्या वर्षाचा अवधी. आणि तोच डूमानियनबाईंना कधी मिळाला नाही. बारा शनिवारांत माणसाची परीक्षा होते, संस्थेची होत नाही.

त्या हंगामातील 'अपयशी' माणसांचे पुढे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. गॉटफ्रीडच्या कर्कश आवाजाने १९९२ च्या 'अलादीन' चित्रपटातील पोपटाला अजरामर केले. डूमानियनबाई चित्रपट आणि रंगभूमी यांच्या निर्मितीत स्थिरावल्या. वुडी ॲलन यांचे अनेक चित्रपट त्यांच्या संस्थेकडून आले. मर्फी डिसेंबर १९८२ मध्ये, '४८ अवर्स' या चित्रपटातील सहकलाकार निक नोल्टी आजारी पडल्याने, स्वतःच्याच कार्यक्रमाचा पाहुणा सूत्रधार झाला. १९८४ मध्ये तो कार्यक्रम सोडून गेला आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये पाहुणा म्हणून परतला. त्या कामगिरीबद्दल २०२० मध्ये त्याला एमी पुरस्कार मिळाला. ज्या मातीत काही उगवत नाही असा निकाल देण्यात आला होता, त्या मातीत बी होते. पाणी घालण्याइतका धीर तेवढा नव्हता.

पन्नास वर्षे टिकलेल्या संस्थेच्या उत्सवात अशा एका हंगामाची आठवण काढणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु मायकल्स आता ऐंशी ओलांडून गेले आहेत, आणि त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न पुन्हा दाराशी येऊन ठेपला आहे. तो सोडविताना वाहिनीने योग्य माणूस निवडावा, हे तर खरेच; पण निवडलेल्या माणसाला निरोपाआधी सोबत काम करण्याची संधी द्यावी, आणि निवडीनंतर चुकण्यास पुरेसा वेळ द्यावा, हे अधिक महत्त्वाचे आहे. १९८० मध्ये या दोन्ही गोष्टी टाळून वाहिनीने जे वाचविले ते केवळ वेळापत्रक होते.