बेवारस पिशवी आणि आपली बाजारपेठ
बारामती-इंदापूरच्या दुकानदार बांधवांनी आजच करावयाची तयारी

'आमच्या गावात कोण बॉम्ब ठेवणार?' बारामती व इंदापूरच्या पेठांत हा विषय काढला की पहिले उत्तर हेच मिळते. अल्लाह करो आणि हा विश्वास खरा ठरो. परंतु २००६ पूर्वी मालेगावचे यंत्रमागवालेही असेच म्हणत असतील. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर हमीदिया मशीद व बडा कब्रस्तान परिसरात आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तिशीहून अधिक माणसे गेली. चेंगराचेंगरीने हानी आणखी वाढली.

स्फोटके कशात ठेवली होती, ते पाहा. मालेगावात २००६ साली सायकलींवर, २००८ साली मोटारसायकलवर. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीत बेवारस पिशवीत. तेथे १७ जण मृत्युमुखी पडले. १० जुलै २०१४ रोजी फरासखाना पोलीस ठाण्याच्या वाहनतळावर मोटारसायकलमध्ये. म्हणजे धोका दुकानाच्या आत कमी आणि दारापुढच्या गाड्यांच्या रांगेत जास्त.

पहिला अर्धा तास आपलाच

बारामती पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटर, इंदापूर त्याहून लांब. पुण्याहून बॉम्बशोधक पथक यायचे म्हटले तर दोन तास सहज जातात. तोवर जे करायचे ते दुकानदार, हमाल, कार्यालयाचे व्यवस्थापक यांनीच. भिगवणचा मासळी बाजार असो, इंदापूरचा डाळिंबाचा लिलाव असो, चाँदशहावली बाबांचा उरूस असो की तुकोबांच्या पालखीचा मुक्काम, गर्दी आपल्याच दारात असते.

धमकीचा फोन आला तर घाईने ठेवू नका. बोलणाऱ्याला बोलते ठेवा. बॉम्ब कोठे आहे, केव्हा फुटणार, कसा दिसतो, हे विचारा. त्याचे शब्द, वेळ, आवाजाची ढब, मागून येणारे आवाज लगेच कागदावर लिहा. संदेश आला असेल तर पुसू नका आणि चार ग्रुपवर पाठवूही नका. ११२ क्रमांकावर कळवा.

बेवारस वस्तू दिसली तर हात लावू नका, हलवू नका, पाणी ओतू नका. जवळ उभे राहून मोबाईल वापरू नका. लांब जाऊन फोन करा. लोकांना काचेपासून दूर, भक्कम भिंतीच्या आड न्या. वाहनतळावर गोळा करू नका.

खर्च थोडा, शिस्त मोठी

शादीखान्याचे मागचे दार सामानाने अडवलेले आम्ही अनेक ठिकाणी पाहिले. ते आज मोकळे करा. सायकली व मोटारसायकली दारापासून लांब लावा. सकाळी दुकान उघडताना व रात्री बंद करताना एक फेरी मारा. आपली वस्तू कोणती व परकी कोणती, हे पोलिसांपेक्षा आपला नोकर चटकन ओळखतो. 'बॉम्ब' असा ओरडा कोणी करायचा नाही. 'दुकान बंद, बाहेर चला' एवढेच शांतपणे सांगायचे. कोणी कोणत्या दाराशी थांबायचे, हे आधीच ठरवा.

विम्याचा कागदही काढून पाहा. २००२ पासून दहशतवादाच्या नुकसानीचे संरक्षण बहुधा वेगळा हप्ता भरूनच मिळते. आपल्या पॉलिसीत ते आहे की नाही, हे एजंटाकडून लेखी घ्या.

खरी अडचण

काही बांधव दबक्या आवाजात सांगतात, 'पिशवी दिसली तरी कळवणार नाही. चौकशी आमचीच व्हायची.' ही भीती पोकळ नाही. मालेगावच्या २००६ च्या खटल्यात मुस्लिम तरुणांनी वर्षानुवर्षे तुरुंगात काढली आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. पण गप्प राहिल्याने संशय टळत नाही, उलट वाढतो; आणि पिशवी खरी निघाली तर आपलेच गिऱ्हाईक, आपलीच मुले जातात.

म्हणून एकट्याने कळवू नका. शेजारच्या दोन दुकानदारांना, शक्य तर दुसऱ्या समाजाच्याही, सोबत घ्या. फोनची वेळ लिहून ठेवा. कॅमेऱ्याचे चित्रण जपा. व्यापारी संघटनेच्या पदाधिकाऱ्याला त्याच वेळी कळवा.

पुढच्या सणाची गर्दी लोटण्यापूर्वी दोन्ही गावांच्या व्यापारी संघटनांनी पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून एक बैठक घ्यावी. त्या दिवशी तासभर गल्ला बंद राहिला तरी तो तोटा नव्हे.