सेकंदाला वीस घोट

ओहोटी लागली की ऐरोली आणि भांडुपच्या मधला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो आणि धाकटे रोहित, म्हणजे लहान फ्लेमिंगो, माना खाली घालून कामाला लागतात. काठावरून पाहणाऱ्याला ते संथ वाटतात. पण प्रत्येक वाकड्या चोचीत एक पंप चालू असतो. जीभ मागे सरकली की पाणी आत, पुढे आली की पाणी बाहेर, असं सेकंदाला साधारण वीस वेळा. तासाला बहात्तर हजार वेळा!

पाणी बाहेर जातं तेव्हा शेवाळ आत अडकवून ठेवायचं काम चोचीच्या आतल्या बारीक पट्ट्या करतात. कंगव्याच्या दातांसारख्या ओळींनी लागलेल्या या पट्ट्या सुमारे दहा हजार असतात, आणि त्यांच्यातली फट इतकी अरुंद की नुसत्या डोळ्यांना न दिसणारं नील-हरित शेवाळही निसटत नाही. पूर्व आफ्रिकेतल्या तलावांवर झालेल्या अभ्यासांनुसार एक धाकटा रोहित दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम शेवाळ खातो, तेही कोरडं वजन धरून. ठाणे खाडीत काही हंगामांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) गणनेत रोहितांचा आकडा लाखावर गेला आहे. साठ ग्रॅम गुणिले एक लाख, म्हणजे दिवसाला सहा टन! आपल्या खाडीतलं खाणं आफ्रिकेतल्यासारखंच असेल असं नाही, पण हिशेबाचा आवाका यावरून कळतो. १९९०च्या दशकापासून हे पक्षी इथे मोठ्या संख्येने येऊ लागले. शहरांच्या सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ हे त्याचं एक कारण मानलं जातं. २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

याच चिखलात मोठा रोहितही चरतो. त्याच्या चोचीची गाळणी जाडसर असते आणि जीभ सेकंदाला चार-पाच वेळाच चालते. तो बारीक कवचधारी जीव, अळ्या, किडे टिपतो. पट्ट्यांमधल्या फटीच्या रुंदीने दोघांचं ताट वेगळं केलं आहे, म्हणून ते शेजारी शेजारी उभे राहून पोट भरू शकतात. चिलियन रोहित या जातीवरचं एक संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की हा पक्षी डोकं सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर वेगाने वर खेचून पाण्यात भोवरे उठवतो आणि पळणारी भक्ष्यं त्यात ओढून घेतो. केवळ गाळून खाणारा म्हणून आपण ज्याला ओळखत होतो, तो चक्क शिकार करतो.

आता पाय. रोहिताचा गुडघा उलटा वळतो असं पाहणारे हमखास म्हणतात. तो गुडघा नव्हेच, घोटा आहे! खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत झाकलेला असतो. आपल्या पायात घोट्याची सात आणि तळव्याची पाच हाडं सुटी असतात. पक्ष्यांत त्यातली काही वरच्या नळीला जोडली गेली आणि उरलेली मिळून एकच लांब हाड झालं. रोहित उभा असतो तो टाच उचलून, बोटांवर. एका पायावर तासन्‌तास कसा उभा राहतो याचं उत्तर २०१७ मध्ये संशोधक यंग-हुई चँग आणि लीना टिंग यांनी शोधलं, तेही मेलेल्या रोहितांवर. स्नायूंमध्ये जीव नसतानाही तो मृतदेह एका पायावर स्थिर राहिला. दोन पायांवर मात्र राहीना. एका पायावर सांध्यांची ठेवणच शरीराचा भार तोलून धरते.

पण याच पायांनी शास्त्रज्ञांना दीडशे वर्षं चकवलं. लांब पाय आणि कमरेची हाडं पाहून काहींनी रोहिताला करकोच्यांत घातलं. पडद्याचे पाय, हंसांसारखा आवाज आणि पिसांतल्या उवा पाहून काहींनी बदकांत. १८६७ मध्ये जीवशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्सले यांनी दोघांच्या मधे वेगळा गट मांडून पाहिला. मला यातली गफलत फार शिकवणारी वाटते. पाय कसे आहेत हे पक्ष्याच्या धंद्यावर ठरतं, आणि एकच धंदा करणारे दोन अनोळखी जीव कालांतराने सारखे दिसू लागतात. नातं शोधायचं तर ज्या बारकाव्यांचा धंद्याशी फारसा संबंध नाही, तिथे पाहावं लागतं.

२००१ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून रोहिताचा सर्वांत जवळचा नातलग पुढे आला तो टिबुकली! हाताच्या पंजावर मावेल अशी, दीड-दोनशे ग्रॅमची, ठाणे-कल्याणच्या तळ्यांत डुबकी मारून भलतीकडेच वर येणारी पाणडुबी. बहुतेकांचा विश्वास बसेना. मग २००४ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ गेराल्ड मायर यांनी सांगाडे तपासले. मानेच्या मणक्यांची ठेवण जुळत होती. पंखांच्या टोकाची मोठी पिसं दोघांनाही बहुतेक पक्ष्यांपेक्षा जास्त. दोघांच्याही अंड्यांवर खडूसारखा पांढरा थर. पट्टकृमींचं एक अख्खं कुळच या दोन पक्षीकुळांच्या आतड्यांत राहतं. आणि फ्रान्समध्ये सापडलेला, दोनेक कोटी वर्षांपूर्वीचा पॅलेलोडस तर रोहितांच्याच घराण्यातला, पण पायाची हाडं पोहणाऱ्याची! उंच पायांचा रोहित पोहणाऱ्या पूर्वजांतून आला असावा, असं ही हाडं सुचवतात.

जगात पक्ष्यांच्या सुमारे अकरा हजार जाती आहेत. त्यांतल्या रोहितांच्या सहा आणि टिबुकल्यांच्या वीसेक जाती मिळून ही एक फांदी होते. २०१४ मध्ये ४८ जातींचे संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, तुलनेला घेतले, तेव्हा या फांदीला शेजारी म्हणून पारवे आणि कबुतरं येऊन बसली. दहा वर्षांनी ३६३ जातींचे जीनोम हाती आल्यावर ती जवळीक फसवी ठरली. एका गुणसूत्राच्या दोन कोटींहून अधिक अक्षरांच्या तुकड्यात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, जनुकांची नेहमीची सरमिसळ थांबली होती आणि तोच तुकडा सगळ्या हिशेबाला चुकीच्या दिशेने ओढत होता. कबुतरं गळाली. टिबुकली मात्र जागची हलली नाही. हाडांनी दिलेली साक्ष आणि अब्जावधी अक्षरांची साक्ष एकच निघाली.

रोहितांना पाहायला लोक ऐरोलीहून बोटीने जातात, अभयारण्यावर बातम्या येतात, आणि ते व्हायलाच हवं. टिबुकलीसाठी कुणी बोट काढत नाही. तिचं घरटं पाणवनस्पतींचं, पाण्यावर तरंगणारं, काठाच्या लव्हाळ्याला अडकवलेलं असतं. तळ्याच्या सुशोभीकरणात चारही बाजूंनी भिंत घातली की घरटं अडकवायला काही उरत नाही. निदान एखाद्या बाजूचा काठ मातीचा, गवताचा राहू द्यावा, ही मागणी फार मोठी नाही.